कांदोळीला येताय? मग आग्वादचा तुरुंग बघितल्याशिवाय परतू नका

नेरूलकाठ

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या गोव्यातल्या नेरूल-कांदोळीच्या रस्त्यावर एमएचच्या गाड्यांची रांग लागते. कोल्हापूर, सांगली, पुणे, ठाणे, सगळीकडून लोक येतात. यावंच. शेजारी म्हणून आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण इथे राहून, शाळेत इतिहास शिकवून एक गोष्ट मनाला फार लागते, म्हणून हा धागा.

पर्यटक सिकेरीच्या टेकडीवर आग्वादच्या वरच्या किल्ल्यात जातात, दीपगृहासमोर फोटो काढतात आणि थेट खाली पाण्यात. त्याच टेकडीच्या पायथ्याशी, मांडवीच्या मुखावर, आग्वादचा तुरुंग आहे. २०१५ मध्ये इथले कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवले आणि डिसेंबर २०२१ पासून ही जागा संग्रहालय म्हणून खुली झाली. तिथे आत वळणारी मराठी कुटुंबं मला फार कमी दिसतात. आणि तो तुरुंग तर आपल्या घरातल्याच माणसांचा आहे!

१८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली. सप्टेंबरात ते पुन्हा गोव्यात आले तेव्हा कुळे स्थानकावरच त्यांना धरलं आणि आग्वादला कोंडलं. गोव्याच्या मुक्तिलढ्याचे नेते टी. बी. कुन्हांनाही आधी इथेच ठेवलं होतं. पुढे लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांना पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडलं. मग १९५५ आलं. मे महिन्यात पुण्याहून ना. ग. गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन आले, मागोमाग मधू लिमये. शिक्षा दहा-बारा वर्षांच्या. १९५७ च्या सुरुवातीला सुटका होईपर्यंत ही माणसं याच टेकडीखाली होती. पुण्यातल्या रस्त्यावर चालणारी, सभा गाजवणारी माणसं! त्यांच्या कोठडीपुढे आपण दहा मिनिटं उभं राहू नये?

कोठड्या बघताना घाई करू नका. चिऱ्याच्या भिंती किती जाड आहेत ते दाराच्या चौकटीपाशी हात ठेवून बघा. उन्हाळ्यात बाहेर घाम निथळत असतो तरी आत दगड गार लागतो, आणि पावसाळ्यात तोच दगड ओल धरतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने आत जाऊन दाराकडे पाठ करून उभं राहून बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाली, बाई, समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही. मुलांना अशा जागा दाखवल्या की पुस्तकातला धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

वरचा किल्लाही नीट बघा. १६१२ मध्ये पोर्तुगीजांनी तो बांधला, कारण डचांची जहाजं मांडवीच्या तोंडाशी येऊन उभी राहायला लागली होती. मधल्या सपाट आवारावरून लोक फिरतात, पण त्या फरशीखाली खांबांवर उभं असलेलं केवढं मोठं टाकं आहे, ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. २३,७६,००० गॅलन पाणी मावेल एवढं! लिस्बनहून महिनोन् महिने प्रवास करून आलेली जहाजं इथे पाणी भरून घ्यायची. किल्ल्याचा वरचा भाग पाण्याचा आणि पहाऱ्याचा, खालचा भाग जहाजं सुरक्षित लावण्याचा, अशी विभागणी होती. जुनं दीपगृह १८६४ चं.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. जमेल तेवढं सांगेन.

कोथरूडची_स्नेहा

ताई, फार वेळेवर धागा काढलात. आम्ही डिसेंबरात येतोय, सोबत सासूबाई-सासरे, दोघंही सत्तरीपुढचे, आणि माझी दोन मुलं. किल्ला आणि तुरुंग एकाच दिवशी झेपेल का? आणि मुलांना समुद्रात सोडायला कांदोळीचा किनारा बरा की दुसरीकडे जावं?

नेरूलकाठ

स्नेहा, डिसेंबरातही अकरानंतर आग्वादच्या पठारावर ऊन चांगलंच तापतं आणि वर सावली जवळजवळ नाहीच. किल्ला सकाळी उघडला की लगेच उरकून घ्या. सासूबाईंना टोपी, पाण्याची बाटली आणि पायात सपाट चप्पल. खंदकाच्या बाजूला जमीन उंचसखल आहे, तिथे हात धरा. तुरुंग खाली आहे, चालणं कमी, तो दुपार कलल्यावर करा. दोन्हींच्या मध्ये घरी जाऊन जेवण आणि झोप. गोव्यात दुपारी झोपायला कुणी नावं ठेवत नाही.

समुद्राबद्दल मला बोलायचा अधिकार कमी. केरीकरदादा, तुम्ही सांगा.

केरीचा_खारवी

सांगतो, आणि कृपा करून सगळ्यांनी वाचा, कारण दर मोसमात कुणीतरी बुडतं आणि त्यात कितीदा आपल्याच महाराष्ट्रातली तरणी पोरं असतात.

किनाऱ्यावर उभं राहून आधी पाच मिनिटं लाटा बघायच्या. लाट सगळीकडे फुटत असते, पण मध्येच एक पट्टा असा असतो जिथे ती फुटत नाही. पाणी तिथे शांत, जरा गढूळ दिसतं. नवख्या माणसाला वाटतं, हीच जागा पोहायला चांगली. तीच सगळ्यांत वाईट. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी त्या वाटेने परत आत जात असतं आणि माणसाला ओढून नेतं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, दम संपतो आणि माणूस जातो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. ओढीची वाट रुंद नसते, त्यातून बाहेर पडलं की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात. पोहता येत नसेल तर पाठीवर पडून तरंगा आणि हात वर करा.

जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्यांच्या मधल्या जागेतच उतरायचं. नुसता लाल झेंडा असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातही पोराला सोडायचं नाही. कांदोळी-कळंगुटला काठाला उतार आहे, लाट पायाशीच फुटते, लहान मूल एका फटक्यात आडवं होतं. संध्याकाळी जीवरक्षकांची पाळी संपली की पाण्यात जायचं नाही. आणि दारू पिऊन तर कधीच नाही. जून ते सप्टेंबर समुद्र लांबूनच बघायचा. त्या दिवसांत आम्हीसुद्धा होडी काढत नाही.

कोथरूडची_स्नेहा

दादा, मनापासून आभार. हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

गडवाटा

धागा उत्तम, पण माझं मत थोडं वेगळं आहे. मराठी माणसाने बार्देशात, म्हणजे कांदोळीच्या या तालुक्यात, आल्यावर पहिला मान शापोऱ्याच्या किल्ल्याला द्यावा. आग्वाद कधीच आपल्या हाती आला नाही. शापोरा आला! १६८३ च्या अखेरीला संभाजी महाराजांनी बार्देश आणि दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत मुसंडी मारली, त्याआधी नोव्हेंबरात जुवे बेटावरचा किल्ला एका रात्रीत घेतला, तेव्हा पोर्तुगीज विजरईची (व्हाइसरॉयची) अशी गाळण उडाली की त्याने जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी आपला अधिकारदंड नेऊन ठेवल्याचं सांगतात. शापोऱ्याच्या तटावर उभं राहिलं की एका बाजूला वागातोर, दुसऱ्या बाजूला नदीपलीकडे मोरजीची वाळू आणि समोर अथांग समुद्र. तिथे चढायला दहा मिनिटं लागतात, पण ते चित्र डोक्यातून जात नाही.

आणि दिचोली तालुक्यातल्या नार्व्याचं सप्तकोटेश्वर मंदिर चुकवू नका. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं, पोर्तुगीजांनी ते पाडलं. देव नदीपलीकडे नार्व्याला आणला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावरचा शिलालेख आजही आहे.

नेरूलकाठ

गडवाटा, नार्व्याबद्दल दुमत नाहीच. शापोराही सुंदर. पण आग्वाद आपल्या हाती आला नाही म्हणून तो कमी महत्त्वाचा, हे मला पटत नाही. १७३९ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी जवळजवळ अख्खा बार्देश घेतला आणि उरले ते दोनच किल्ले, आग्वाद आणि रेईश मागूश. हे दोन पडले असते तर मांडवीचं तोंड मराठ्यांच्या हाती आलं असतं आणि गोव्याचा पुढचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता. ते का पडले नाहीत हे समजायचं तर तिथे जाऊनच समजतं. रेईश मागूशच्या बुरुजावर उभं राहा. समोर पणजी, नदी तिथे सगळ्यांत चिंचोळी. तिथून तोफ कुठवर पोचते हे मुलालाही कळेल.

रेईश मागूशचा किल्ला १५५१ चा, त्याच्या शेजारचं चर्च १५५५ चं. पुढे कितीतरी वर्षं तोही तुरुंग होता. डागडुजी होऊन २०१२ मध्ये लोकांसाठी उघडला. आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत, मुलांना ती फार आवडतात.

पिंपळकट्टा

कांदोळीचं नाव निघालंय आणि संमोहनावर काम करणाऱ्या आबे फारियाबद्दल कुणीच बोललं नाही? मी पणजीत वाढलो. जुन्या सचिवालयाशेजारचा तो पुतळा, अंगावर झगा, दोन्ही हात पुढे आणि समोर भोवळून पडणारी बाई, लहानपणी त्याची भीती वाटायची. तो माणूस १७५६ साली कांदोळीत जन्मला, आजोळी. आईवडील पुढे वेगळे झाले. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्यातल्या मठात जोगीण. १७७१ मध्ये बापलेक लिस्बनला गेले, मुलगा रोममध्ये शिकला.

इथल्या घराघरात सांगतात ती गोष्ट अशी. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभं राहिल्यावर पोराच्या तोंडून शब्द फुटेना. खालून बापाने हळूच कोंकणीत सांगितलं, "ही सगळी भाजी. कातर रे भाजी!" म्हणजे समोरचे सगळे नुसती भाजी समज, घाबरू नको. आणि पोरगा धडाधड बोलायला लागला. लिस्बनच्या दरबारात, राजघराण्यासमोर, बापाच्या तोंडी बार्देशची बोली! मला ही गोष्ट सांगताना आजही अंगावर काटा येतो.

पुढे पॅरिसमध्ये त्याने संमोहनावर जे मांडलं ते त्या काळाच्या फार पुढचं होतं. तेव्हा सगळे म्हणत की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसला तरी चुंबकी प्रवाह निघतो. हा म्हणाला, प्रवाह वगैरे काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात, सूचनेमुळे. १८१९ मध्ये तो पॅरिसमध्येच वारला. पणजीचा पुतळा १९४५ चा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला.

कांदोळीचाच आणखी एक धागा म्हणजे १७८७ चा पिंटोंचा कट. गोमंतकीय पाद्र्यांना वरच्या जागा मिळत नव्हत्या, सैन्यातल्या लोकांचीही तीच तक्रार, आणि कांदोळीच्या पिंटो घराण्याशी जोडलेल्या मंडळींनी पोर्तुगीज सत्ता उलथायचं ठरवलं. बेत फुटला. पुढच्या वर्षी पणजीत १५ जणांना फाशी दिली, पाद्र्यांना लिस्बनच्या कैदेत पाठवलं. शॅकमध्ये बसून मासे खाताना या गावाने एवढं सोसलंय हे माहीत असावं असं मला वाटतं.

सत्याग्रहीचा_नातू

मी सातारा जिल्ह्यातला. आमचे आजोबा १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोव्याच्या सत्याग्रहाला गेले होते एवढंच घरात माहीत आहे. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. हद्दीवर मार खाल्ला की आत तुरुंगात नेलं, तेही कळलं नाही. खांद्यावर वण होता, तो मी पाहिलाय. आता वडिलांना घेऊन यायची इच्छा आहे. कुठे जाऊ? कुठे काही नोंद मिळेल का?

पेडण्याची_लेक

दादा, तुम्ही आधी पत्रादेवीला या. मुंबई-गोवा महामार्गाने गोव्यात शिरताना अगदी हद्दीवरच आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींच्या तुकड्या ठिकठिकाणांहून आत शिरल्या. पत्रादेवीला पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला, पंजाबचा कर्नेलसिंग तिथेच पडला. तिथे स्मारक आहे. त्या गोळीबारानंतर भारत सरकारने गोव्याच्या हद्दी बंद केल्या. त्यामुळे महाराष्ट्रातल्या किती मोहिमांचा शेवट त्या दिवशी झाला असेल! तुमच्या आजोबांची वाट कोणती होती हे माहीत नसलं तरी तिथे वडिलांना नक्की न्या.

तिथून तेरेखोलला जा. खेम सावंत भोसल्यांनी बांधलेला किल्ला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला होता. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडायची. केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, सावली भरपूर आणि गर्दी कांदोळीच्या मानाने काहीच नाही.

नेरूलकाठ

सत्याग्रहीचा_नातू, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

नोंदींसाठी पणजीतलं पुराभिलेख खातं. त्याची सुरुवात १५९५ ची, देशातल्या सर्वांत जुन्या दफ्तरांपैकी एक. जाताना आजोबांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तेव्हाचं वय एवढं लिहून न्या. नावं रोमन लिपीत, पोर्तुगीज वळणाने, ऐकून लिहिलेली असतात, त्यामुळे एकच आडनाव तीन-चार प्रकारे शोधावं लागतं. याचबरोबर आपल्या बाजूलाही बघा. गोवा विमोचनासाठी पुण्यात समिती काम करत होती आणि तुकड्या निघाल्याच्या बातम्या तेव्हाच्या मराठी वर्तमानपत्रांत येत. जिल्ह्याच्या ग्रंथालयात १९५५ चे मे ते ऑगस्टचे अंक चाळून बघा, तुकडीची यादी मिळून जाऊ शकते. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी कधी अर्ज केला असेल तर त्या फायलीतही तुरुंगाचं नाव असतं.

आणि कांदोळीहून पणजीला जाल तेव्हा बेतीवरून जा. सांगलीत जन्मलेले मोहन रानडे सावईवेऱ्यात मराठी शिक्षक म्हणून आले होते, आझाद गोमंतक दल या सशस्त्र क्रांतिकारी गटात गेले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते गोळी लागून पकडले गेले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा ते लिस्बनजवळच्या तुरुंगात होते, आणि सुटले १९६९ मध्ये. आपण मुक्ती दिन साजरे करत होतो आणि ते तिकडे आत होते.

सत्याग्रहीचा_नातू

पेन्शनच्या फायलीचं सुचलंच नव्हतं. आजीच्या ट्रंकेत जुने कागद आहेत, या रविवारी बसतो. तुमचे उपकार.

खाऊगल्ली_सांगली

विषय गंभीर आहे, पण जेवणाचंही कुणीतरी सांगा. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये उत्तर भारतीय भाज्या आणि नूडल्सच जास्त दिसतात.

केरीचा_खारवी

रस्त्याच्या आतल्या बाजूला, गावातले लोक दुपारी जेवतात त्या खाणावळीत जायचं. शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तळलेला बांगडा किंवा इसवण (सुरमई), तिसऱ्यांचं सुकं, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी. बांगड्याच्या हुमणात तिरफळ असलं पाहिजे, नसेल तर ते हुमण पर्यटकांसाठी केलंय. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी इसवण म्हणून जे देतील ते बर्फातलं समजा. त्या दिवसांत खाडीतले मासे आणि सुकी मासळी खा.

पहाटे उठत असाल तर किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघा. दोन्ही टोकांना माणसं, दोर कमरेला लावून उलट्या पावलांनी मागे सरकतात. जाळं जवळ आलं की पाणी आधी काळपट दिसतं, मग एकदम चंदेरी उसळतं. तारले, बांगडे, पेडवे. हात लावायला कुणी नाही म्हणत नाही, उलट दोराला पकडा म्हणतात. ट्रॉलर आल्यापासून रापणीला फार कमी मिळतं. सत्तरच्या दशकात रापणकारांनी त्याविरुद्ध मोठा लढा दिला होता. आमच्या बापजाद्यांचा धंदा आहे, तो टिकावा असं वाटतं, म्हणून सांगतो.

पेडण्याची_लेक

मोरजी-आश्वेला रात्री फिरणार असाल तर एक विनंती. नोव्हेंबरपासून मोरजीला कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याने कुंपण केलेली घरटी असतात. बॅटरीचा झोत, मोठा आवाज, फ्लॅश काहीही नको. कासवीण उजेड पाहून अंडी न घालता परत फिरते.

डोंबिवली_फास्ट

टॅक्सीचे दर ऐकून घाबरलोय. स्कूटर भाड्याने घ्यावी का?

पिंपळकट्टा

घ्या, पण काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देतात, अपघात झाला तर विमा मिळत नाही आणि पोलिसांनी अडवलं तर दंड तुम्हालाच. हेल्मेट दोघांनीही. परवाना खिशात. नसेल तर कदंबच्या (सरकारी) आणि खासगी बस आहेत, म्हापसा आणि पणजी दोन्हीकडून कांदोळीला मिळतात. एकट्या माणसासाठी पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाले. बसायच्या आधी भाडं ठरवायचं.

डोंबिवली_फास्ट

आणि रेल्वेने आलो तर उतरायचं कुठे?

नेरूलकाठ

कांदोळीला थिवी जवळचं. तिथून म्हापसा आणि मग कांदोळी. विमानाने येणार असाल तर मोपाला उतरा, दाबोळीहून पणजी ओलांडून यावं लागतं. शुक्रवारी पोचलात तर वाटेत म्हापशाचा बाजार करून या. सकाळी लवकर. मयड्याची केळी, सात शिरांची भेंडी, गावठी मिरची, सुकी सुंगटं (कोळंबी). मार्च ते मेमध्ये आलात तर पावसाळ्यासाठी पुरुमेंत (साठवणीचं सामान) भरणाऱ्या बायांची गर्दी असते, मोल करायला त्यांच्या शेजारी उभं राहा, भाव आपोआप कळतो.

स्नेहा, तुमच्यासाठी एक वाट सुचवते. सकाळी वरचा किल्ला. दुपारी विश्रांती. चारच्या सुमाराला तुरुंग. दुसऱ्या दिवशी सकाळी नेरूलवरून वेऱ्याला, रेईश मागूशचा किल्ला, तिथून बेती, आणि बेतीहून फेरीबोटीने पणजी. पायी जाणाऱ्यांना फेरीबोटीला तिकीट नाही. सासऱ्यांना पुढच्या कठड्याशी बसवा, वारा छान लागतो. पणजीत उतरलात की आबे फारियाचा पुतळा चालत पाच-दहा मिनिटांवर. मुक्काम ६ जानेवारीपर्यंत वाढवता आला तर रेईश मागूशला तीन राजांचं फेस्त (चर्चचा सण) आहे. गावातली तीन मुलं राजे होऊन घोड्यावरून चर्चला येतात. तुमची मुलं खूश होतील. गाडी लांब लावून चालत या, त्या दिवशी वर जायचा रस्ता भरलेला असतो.